खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला



गेल्या डिसेंबर महिन्यात वर्गात १९७१ च्या युद्धाचा पाठ चालू असता मी ‘खुकरी’ नामक युद्धनौकेची हकीकत सांगत होतो. नौका बुडाली आणि तिचे कप्तान तिच्याबरोबरच गेले, इतके सांगून मी क्षणभर थांबलो. तोच मागच्या बाकावरील एका लहान मुलाने उभे राहून विचारले की, कप्तानसाहेबांना पोहता येत नव्हते काय? सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न भाबडा खरा, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला होता. ज्याला वाचणे शक्य होते, तो मनुष्य का वाचला नाही? आणि घरी त्याची वाट पाहणाऱ्यांनी ही गोष्ट कशी सोसली असेल? त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज ह्या लेखाच्या रूपाने देत आहे. तुमच्या आईवडिलांनीही ते वाचावे, अशी माझी विनंती आहे. कारण ही गोष्ट जितकी एका वीराची आहे, तितकीच मागे राहिलेल्या घरांचीही आहे.

आपले नाचणगाव समुद्रापासून फार दूर. वर्धा नदीला आलेला पूर हेच तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी. तथापि सैन्य आणि दारूगोळा हे शब्द आपल्याला परके नाहीत. अगदी शेजारी, पुलगावास, देशाचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. मे २०१६ च्या अखेरच्या रात्री तेथे आग भडकली, तेव्हा ती विझविण्यास धावलेले जवान व अग्निशामक कर्मचारी कामास आले. धोका कोठे आहे हे ठाऊक असूनही त्याच दिशेने जाणारी माणसे कशी असतात, हे ह्या पंचक्रोशीला सांगावे लागत नाही. कप्तान मुल्ला हे त्याच जातीचे पुरुष होते. फरक इतकाच की त्यांच्या पायांखाली भूमी नव्हती.

महेंद्रनाथ मुल्ला ह्यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे काश्मिरी पंडितांचे. हे घराणे उत्तर हिंदुस्थानात स्थायिक होऊन विद्वत्तेबद्दल नावाजले होते. कायदा आणि काव्य ह्या दोहोंचा तेथे वास होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व उर्दूचे प्रसिद्ध कवी आनंद नारायण मुल्ला हे ह्याच घराण्यातील. अशा घरातील मुलाने वकिलीचा काळा झगा अंगावर घालावा, हेच स्वाभाविक होते. महेंद्रनाथांनी मात्र समुद्र पत्करला. परंतु घरातून मिळालेले ते दोन्ही संस्कार त्यांनी समुद्रावरही आपल्याबरोबर नेले. उर्दू काव्याची गोडी त्यांना अखेरपर्यंत होती, आणि कायद्याची जाण तर त्यांच्या हाताखालील अनेक गरीब खलाशांच्या कामास आली. ती कशी, ते पुढे सांगतो.

१९४६ च्या आरंभी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते त्या वेळच्या शाही हिंदी नौदलात उमेदवार म्हणून दाखल झाले. हा काळ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याच वर्षी १८ फेब्रुवारी रोजी मुंबईस ‘तलवार’ ह्या नौदलाच्या केंद्रावर हिंदी नाविकांनी बंड पुकारले, आणि ते लवकरच इतर नौकांवर व बंदरांवर पसरले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची वागणूक ही त्या असंतोषाची निकट कारणे होती. अधिकारी व नाविक एकाच नौकेवर राहत होते, एकाच वादळाला तोंड देत होते; पण त्यांच्यामध्ये जणू भिंत उभी होती. त्या भिंतीचा परिणाम काय होतो, हे ज्या पिढीने नोकरीच्या पहिल्याच पायरीवर पाहिले, त्या पिढीचे मुल्ला होते. स्वराज्य आले, आणि १ मे १९४८ रोजी त्यांना अधिकारपद मिळाले. आता नौदल आपले झाले होते. नाविकाला माणूस म्हणून वागविणे हे आता आपल्याच अधिकाऱ्यांच्या हाती होते.

पुढील तेवीस वर्षे त्यांनी नौदलातच काढली. शत्रूने पेरलेले सुरुंग काढून समुद्रमार्ग मोकळा करणाऱ्या नौकेवर त्यांनी तीन वर्षे काम केले. हे काम फार धीराचे व सावधपणाचे असते; त्यात गर्जना नाही, गाजावाजा नाही, आणि एक चूक झाली तर दुसरी करण्यास कोणी उरत नाही. ‘कृष्णा’ ह्या नौकेचे आधिपत्य त्यांनी केले. १९६१ पासून १९६४ पर्यंत लंडन येथे आपल्या उच्चायुक्तांच्या कचेरीत ते नौदलविषयक उपसल्लागार होते. मुंबईच्या ‘आंग्रे’ ह्या नौदल तळावरही त्यांनी मोठ्या जबाबदारीचे काम केले. हे नाव आपल्या सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांचे, हे मराठी मुलांना सांगण्याची गरज नाही.

आता कायद्याची गोष्ट. सैन्यात वा नौदलात कोणावर आरोप आला, तर त्याचा निवाडा कोर्ट मार्शलपुढे होतो. तेथे आरोपीचा बचाव एखाद्या अधिकाऱ्याने केला तरी चालतो. मुल्ला ह्यांचा नौदलाच्या कायद्याचा व्यासंग दांडगा होता, आणि अशा आरोपींचा बचाव करण्यासाठी त्यांना आवर्जून बोलावले जाई. ज्याची बाजू मांडण्यास कोणी नाही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे, हे त्यांनी समुद्र शांत असतानाच अंगी बाणवून घेतले होते. मुलांनो, संकटकाळी मनुष्य अकस्मात थोर होत नाही. तो रोज जसा वागत आला असेल, तसाच त्या घटकेसही वागतो. ९ डिसेंबरच्या रात्री मुल्ला जे वागले, त्याची तयारी अशा अनेक साध्या दिवसांनी पूर्वीच करून ठेवली होती.

१९७१ च्या फेब्रुवारीत ‘खुकरी’ नौकेची सूत्रे त्यांच्या हाती आली. गुरखा वीरांच्या वाकड्या सुरीवरून ह्या नौकेचे नाव ठेवलेले होते. ती इंग्लंडात काऊस येथे बांधली गेली. १९५६ च्या नोव्हेंबरात पाण्यात उतरली आणि १६ जुलै १९५८ रोजी आपल्या नौदलात रुजू झाली. ‘किरपाण’ व ‘कुठार’ ह्या तिच्या दोन भगिनी. नावांप्रमाणे तिन्ही शस्त्रेच. ह्या नौका फ्रिगेट जातीच्या, म्हणजे आकाराने बेताच्या. पाणबुड्यांचा माग काढून त्यांचा नाश करणे हेच त्यांचे मुख्य काम. दैवाचा खेळ पाहा, की जी नौका पाणबुड्यांची शिकार करण्यासाठी बांधलेली, तिलाच पाणबुडीने गाठावे.

३ डिसेंबर १९७१ रोजी सायंकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, आणि युद्धास तोंड लागले. दुसऱ्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर धडक मारली. तीत शत्रूची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली आणि तिच्यावरील दोनशेहून अधिक नाविक मृत्यू पावले. ४ डिसेंबर हा दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो, तो ह्याच पराक्रमाच्या स्मरणार्थ. विजयाचा आनंद योग्यच होय; पण खैबरवर जे गेले त्यांच्याही घरी आया होत्या, हे विसरणे आपल्याला शोभणार नाही.

इकडे अरबी समुद्रात ‘हंगोर’ नावाची पाकिस्तानची एक पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे फिरत होती. ती फ्रान्समध्ये बांधलेली व अद्ययावत होती. तिने पाठविलेल्या बिनतारी संदेशांवरून तिच्या अस्तित्वाचा सुगावा आपल्या नौदलाला लागला. ती मोकळी राहिली तर मुंबईकडे येणारी-जाणारी जहाजे धोक्यात येणार, हे उघड होते. तिचा शोध घेऊन नाश करण्याची कामगिरी चौदाव्या फ्रिगेट पथकाकडे आली. ह्या पथकाचे प्रमुख कप्तान मुल्ला होते. ‘कुठार’ यंत्रातील अपघातामुळे कामास येऊ शकत नव्हती. म्हणून ८ डिसेंबर रोजी ‘खुकरी’ व ‘किरपाण’ ह्या दोघीच मुंबईहून निघाल्या.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. समुद्राखाली दिसत नाही. तेथे ऐकावे लागते. नौका पाण्यात ध्वनी सोडते, तो पाणबुडीवर आदळून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव लागतो. ह्या यंत्राला सोनार म्हणतात. परंतु समुद्राचे पाणी सर्वत्र सारखे उष्ण नसते. वर गरम आणि खाली थंड असे थर असले, की ध्वनी वाकडा होतो आणि फसवतो. शिवाय आपल्या नौकांवरील सोनारचा पल्ला बेताचा होता, आणि हंगोरची ऐकण्याची शक्ती अधिक होती. तो पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग खुकरीवर एक तरुण अधिकारी करीत होता. त्या प्रयोगासाठी नौका मंद गतीने चालणे अवश्य होते. मंद चालणाऱ्या नौकेला नेम धरणे सोपे जाते, हा त्यातील धोका. ह्या निर्णयाविषयी जाणकारांनी पुढे पुष्कळ चर्चा केली. आपण त्या काळच्या अधिकाऱ्यांना दोष देण्यास बसलेलो नाही. पण जे घडले ते झाकूनही ठेवू नये. थोर पुरुषांच्या चरित्रात सर्वच निर्णय फळास आलेले असतात असे नव्हे. शत्रूला आधी ऐकता यावे म्हणून केलेली धडपडच शत्रूच्या पथ्यावर पडली, ही त्या रात्रीची एक कडू गोष्ट आहे.

९ डिसेंबरची रात्र. दीव बंदरापासून सुमारे ४० सागरी मैलांवर दोन्ही नौका चालल्या होत्या. सागरी मैल म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर, तेव्हा हे अंतर ७० किलोमीटरांहून अधिक झाले. पावणेनऊच्या सुमारास हंगोरने पहिला पाणतीर, ज्यास टॉर्पेडो म्हणतात, किरपाणवर सोडला. तो तिच्या खालून निघून गेला व फुटला नाही. दुसरा खुकरीवर सोडला. तो तिच्या पोटाखाली, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ, फुटला. दारूगोळा पेटला म्हणजे काय होते, हे पुलगावच्या शेजाऱ्यांना मी काय सांगावे? नौकेचे दिवे मालवले. काळोखात ती एका अंगावर कलू लागली, आणि काही मिनिटांतच समुद्र तिच्यावर मिटला.

त्या काही मिनिटांत कप्तान मुल्ला ह्यांनी काय केले, हे वाचलेल्या नाविकांनी सांगितले व सरकारी गौरवपत्रातही ते नमूद आहे. नौका वाचणार नाही हे उमगताच त्यांनी ती सोडण्याची आज्ञा दिली. पाण्यात उड्या घेण्यास जे कचरत होते, त्यांना त्यांनी धीर दिला, पुढे ढकलले. स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांनी एका नाविकास देऊन टाकले. जितक्यांना बाहेर काढता येईल तितक्यांना काढले, आणि मग ते पुन्हा नौकेच्या नियंत्रण-मंचाकडे वळले. स्वतः नौका सोडण्यास त्यांनी नकार दिला. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा ते आपल्या जागी शांत होते. नौका गेली; तिच्याबरोबर तेही गेले. त्या वेळी त्यांचे वय ४५ वर्षांचे होते.

खुकरीवरील १८ अधिकारी आणि १७६ नाविक, मिळून १९४ जण, त्या रात्री परत आले नाहीत. ६७ जण वाचले. पाणबुडी जवळच असल्याने किरपाणला तेथे थांबून राहणे शक्य झाले नाही. रात्रभर ती माणसे डिसेंबरच्या समुद्रात तेल माखलेल्या पाण्यावर तरंगत राहिली. दुसऱ्या दिवशी ‘कछाल’ ही नौका मदतीस आली आणि त्यांना वर घेण्यात आले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कप्तानाने नौकेबरोबर बुडावे, असा कायदा कोठेही नाही. कायद्याचे जाणते मुल्ला हे इतरांहून अधिक जाणत असणार. दर्यावर्दी लोकांची जुनी चाल एवढीच आहे, की कप्तानाने सर्वांच्या शेवटी नौका सोडावी. ह्या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिलीत मरणाची हौस आहे. दुसरीत केवळ रांगेतील आपली जागा ओळखणे आहे. तुम्ही शाळेत पाण्याच्या नळापाशी रांग लावता. वर्गनायकाने आपली जागा सर्वांच्या शेवटी धरावी, असे आम्ही सांगतो. मुल्ला ह्यांनीही आपली जागा शेवटचीच धरली. परंतु त्या रात्री खालच्या मजल्यांवर, बंद झालेल्या दारांआड, काळोखात, शेकडोच्या घरात माणसे अडकलेली होती. रांग संपलीच नाही. म्हणून कप्तानाची पाळी आलीच नाही. त्यांना पोहता येत होते की नव्हते, हा प्रश्नच उरत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

परंतु येथे थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. कप्तान मुल्ला हे केवळ कप्तान नव्हते. ते पती होते व दोन मुलींचे पिता होते. त्यांच्या पत्नी सुधाबाई व कन्या त्यांची वाट पाहत होत्या. युद्धाच्या त्या दिवसांत मुंबईत रात्री दिवे झाकलेले असत. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लावून बसलेल्या किती घरांत किती स्त्रिया रेडिओला कान लावून बसल्या असतील, ह्याची कल्पना करावी. खुकरीवर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे होती. म्हणजे त्या एका स्फोटाचा हादरा समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या खेड्यांतही पोहोचला.

विचार करा, कोणी विचारील की, आपल्या मुलींसाठी वाचणे हे त्या पित्याचे कर्तव्य नव्हते काय? हा प्रश्न अयोग्य नाही, आणि तो झटकून टाकू नये. घर हेही कर्तव्यच आहे. जो घराला तुच्छ मानून मरणाकडे धावतो, त्याचे मी कौतुक करणार नाही. पण मुल्ला ह्यांच्यापुढे त्या घटकेस एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला कीर्ती असा प्रश्न नव्हता. एका बाजूला आपले एक घर होते, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या शब्दावर विश्वासून समुद्रावर आलेल्यांची घरे होती. ज्या नाविकास त्यांनी आपले जाकीट दिले, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. आपल्या घरासाठी आपण जे मागतो तेच दुसऱ्याच्या घरासाठीही मागणे, आणि दोन्ही मिळणे शक्य नसेल तर आपले शेवटी मागणे, ह्यालाच मी त्यांचा मोठेपणा समजतो. त्याची किंमत केवळ त्यांनीच दिली असे नाही. ती त्यांच्या पत्नीने व मुलींनी पुढे वर्षानुवर्षे दिली. वीराच्या घरच्यांनाही वीरत्वाचा वाटा उचलावा लागतो, आणि त्यांना तो कोणी विचारून दिलेला नसतो.

समुद्रावरील मरणात आणखी एक दुःख असते. भूमीवर कोणी मेला तर त्याची अखेरची व्यवस्था करता येते. कोणाची चिता रचतात, कोणास मातीत ठेवतात. मागे राहिलेल्यांना जाऊन उभे राहण्यास, फूल ठेवण्यास एक जागा असते. समुद्र अशी जागा देत नाही. लाट येते, जाते, आणि पाण्यावर खूण राहत नाही. खुकरी अद्याप अरबी समुद्राच्या तळाशी आहे, आणि तिच्यातील बहुतेक माणसे तिच्यातच आहेत. अशा कुटुंबांना स्मरण ही एकच जागा उरते. म्हणून त्यांनी ते जपले.

राष्ट्रानेही आपल्या परीने ते जपले. कप्तान मुल्ला ह्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. शौर्याच्या युद्धकालीन पदकांत परमवीर चक्राच्या खालोखाल ह्याचा मान आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली. नाव समुद्रावर पुन्हा चालू लागले. तिने ३२ वर्षे सेवा केली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी ती निवृत्त झाली. त्यानंतर लोकांनी तिला पाहावे व तिच्या नावाची कथा जाणावी म्हणून ती दीव येथे आणण्यात आली. १९९९ च्या डिसेंबरात दीवच्या किनाऱ्यावरील एका टेकडीवर खुकरीचे स्मारक उघडले गेले. तेथे काचेच्या घरात पहिल्या खुकरीची छोटी प्रतिकृती ठेवली आहे, आणि समोर तोच समुद्र पसरला आहे, ज्यात ती नौका गेली. २८ वर्षांनी का होईना, १९४ घरांना जाऊन उभे राहण्यास एक जागा मिळाली. दिल्लीस २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर युद्धांत कामास आलेल्यांची नावे एकेका दगडावर कोरलेली आहेत. तेथे अधिकाऱ्याच्या दगडाचा आकार मोठा आणि साध्या जवानाच्या दगडाचा लहान, असा भेद नाही.

स्मरणाचा आणखी एक मार्ग लेखणीचा. मेजर जनरल इयान कार्डोझो हे भूदलातील शूर अधिकारी. १९७१ च्या त्याच युद्धात त्यांनी आपला एक पाय गमावला. त्यांनी खुकरीच्या वाचलेल्या नाविकांच्या व मागे राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणी गोळा करून २००६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पस्तीस वर्षे लोटली होती. आणखी काही वर्षे गेली असती, तर सांगणारेही राहिले नसते. कप्तानांच्या एका कन्येने पुढे दिल्लीस शिक्षणक्षेत्रात मोठे नाव मिळविले. पित्याने माणसे वाचविण्यात देह ठेवला. कन्येने माणसे घडविण्यात आयुष्य घातले. मला शिक्षक म्हणून ह्या गोष्टीचे विशेष समाधान वाटते.

आणि पलीकडच्या किनाऱ्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हंगोर पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. तेथेही शाळेतील मुले तिच्याभोवती फिरत असतील आणि तिच्या नाविकांची कथा ऐकत असतील. एकाच रात्रीच्या दोन आठवणी दोन किनाऱ्यांवर उभ्या आहेत. तिकडचे मूल आणि इकडचे मूल ह्यांची कधी भेट झाली, तर त्यांनी एकमेकांना काय सांगावे? माझी आशा अशी आहे की, कोणी किती नौका बुडविल्या ह्याची मोजदाद करण्याऐवजी, कोणत्या घरी कोण परत आले नाही हे त्यांनी एकमेकांस विचारावे. शत्रूच्या घरचे दुःख ज्याला कळते, त्याचे स्वदेशप्रेम त्याने उणे होत नाही.

आता अखेरचे. ह्या लेखाच्या मथळ्यावर मी एकच नाव घातले आहे. चरित्राची रीतच तशी आहे. परंतु कप्तान मुल्ला ह्यांना आपल्या एकट्याच्या नावाचा मथळा रुचला नसता, असे मला वाटते. त्यांच्याबरोबर १७ अधिकारी व १७६ नाविक होते. त्यांत यंत्रावर काम करणारे होते, स्वयंपाक करणारे होते, बिनतारी संदेश घेणारे होते, नुकतीच मिसरूड फुटलेली पोरे होती. त्यांची नावे आपण शाळेत शिकवीत नाही. ती त्यांच्या घरच्यांच्या ओठी आहेत, आणि घरची वडीलधारी माणसे गेली की तीही विरून जातील. कप्तानाचे नाव म्हणजे त्या सर्वांच्या नावांचे एक दार आहे, असे समजा. ते उघडून आत पाहण्याची सवय ठेवा.

आणि हे केवळ खुकरीपुरते नाही. आपल्या नाचणगावातही, पुलगावच्या बाजूच्या वस्त्यांतही, कोणाचे आजोबा सैन्यात होते, कोणाचे काका भांडारात कामास होते, कोणी परत आला, कोणी आला नाही. मुलांनो, ह्या सुट्टीत एक काम करा. आजीजवळ बसा आणि तिला विचारा. त्या माणसाचे पूर्ण नाव काय होते, तो कोठे व कोणत्या साली नोकरीस लागला, त्याचे शेवटचे पत्र कोठे ठेवले आहे, हे एका वहीत शाईने लिहून घ्या. आणि आईबापहो, मुलांनी विचारले तर जुने दुःख उकलायचे कशाला म्हणून त्यांना परत पाठवू नका. ज्यांची समाधी कोठेच नाही, त्यांची समाधी त्या वहीच्या पानावर होऊ शकते.

मागच्या बाकावरील त्या मुलाला मी सुट्टी लागण्यापूर्वी हे सर्व थोडक्यात सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले की, ज्याला जाकीट मिळाले, तो वाचला का? मी त्याला सांगितले की, समुद्रातून ६७ जण परत आले, आणि त्यांतील प्रत्येकाच्या घरी त्या वर्षी दिवा लागला. एवढ्याने त्याचे समाधान झाले. माझेही झाले.